नानांच्या सीड्यांची शुद्ध प्रत

आमच्या घरी गाणं ऐकायचं असेल तर आधी पंखा बंद करावा लागे. मग रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्या, मग स्वयंपाकघराचं दार. पंख्याची घरघर मंद्र सप्तकात मिसळते, असं नानांचं म्हणणं होतं. नाना म्हणजे माझे वडील. जळकोटला आमचं घर सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून होतं. इतकं लागून, की उमरग्याकडून येणाऱ्या ट्रकनं गिअर बदलला की फडताळातल्या कपबशा वाजू लागत. नाना रस्त्याच्याच खात्यात नोकरीला होते आणि ह्याच रस्त्याचे खड्डे बुजवून घेणं हे त्यांचं काम होतं. रस्ता जितका चांगला होई तितके ट्रक जोरात जात, आणि ट्रक जितके जोरात जात तितकं नानांचं गाणं बिघडे. खात्यातल्या कर्तबगारीची शिक्षा त्यांना घरी भोगावी लागे. कर्तबगारी फार नसल्यामुळे शिक्षाही बेताची होती.

गाणं ऐकण्याची खोली म्हणजे आमची बाहेरची खोली. तिच्यात हैदराबादहून आणलेले दोन उंच स्पीकर, मध्ये सीडी प्लेयर आणि समोर नानांची वेताची खुर्ची. खुर्चीच्या पायांखाली फरशीवर नानांनी लाल रंगाच्या खुणा करून घेतल्या होत्या. दोन्ही स्पीकरांचा आवाज त्या एकाच जागी बरोबर मिळतो, इतरत्र नुसता आवाज असतो, असा सिद्धांत होता. आम्ही बाकीचे इतरत्र बसत असू. उन्हाळ्यात दुपारी खिडक्या लावून, पंखा बंद करून आम्ही भिंतीला टेकून घाम पुसत नुसता आवाज ऐकत असू आणि नाना संगीत ऐकत. झाडताना आईनं खुर्ची हलवली तर ती परत खुणांवर नेमकी ठेवावी लागे. एकदा बोटभर सरकली होती तर नानांना त्या दिवशी तंबोरा डावीकडून आल्यासारखा वाटला होता.

सीड्यांचं काचेचं कपाट होतं आणि त्याची किल्ली नानांच्या जानव्याला नव्हती एवढंच, कारण जानवं नव्हतं. ती कडदोऱ्याला असे. सीडीला नानांखेरीज कुणी हात लावायचा नाही. ज्याला काही ऐकायचं असेल त्यानं नानांकडं मागणी करायची. मागणी मान्य होईलच असं नसे. दुपारी जेवल्यावर मी एकदा एका बुवांची तोडी मागितली होती, तर रागांच्या वेळांवर व्याख्यान मिळालं, तोडी मिळाली नाही. माझ्या मैत्रिणींच्या घरी टेप होता, त्यावर त्या भाकरी खाता खाता वाटेल ते ऐकत. नाना म्हणत, ते ऐकणं नव्हे, ते कानावर पडणं.

आईची एकच मागणी असे आणि ती एकदाही मान्य झालेली मला आठवत नाही. तुळजापूरच्या बाजारातून तिनं आराधी गाण्यांची एक सीडी आणली होती. देवीच्या आराधी बायका झांज-तुणतुण्यावर म्हणतात ती गाणी. वेष्टणावरच्या देवीचा रंग छापताना इतका पसरला होता की देवी आणि तिच्यामागचा कळस यांची सरमिसळ झाली होती. आई लहानपणी आपल्या आजीबरोबर नवरात्रात आराध्यांच्या मेळ्यात बसत असे, त्यातली काही गाणी ह्या सीडीवर आहेत असं तिला दुकानदारानं सांगितलं होतं. खरं का खोटं हे तिला ऐकल्यावरच कळलं असतं. नानांनी सीडी उलटीसुलटी करून पाहिली, कंपनीचं नाव वाचून नाक मुरडलं आणि ती कपाटाच्या तळच्या कप्प्यात, सोडून दिलेल्या वायरींच्या गुंडाळ्याशेजारी ठेवली. तिला ते ‘ती थाळी’ म्हणत. असलं ध्वनिमुद्रण लावलं तर स्पीकरचे पडदे फाटतात, असं त्यांनी आईला सांगितलं होतं. आई स्पीकर फाटू नयेत म्हणून गप्प बसे. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारी. नाना पुन्हा पडद्यांचं सांगत.

आज हे लिहिताना माझ्या खिशातल्या फोनमध्ये त्या कपाटाच्या शंभरपट गाणी आहेत आणि त्यांतली बहुतेक मी ऐकलेली नाहीत. मागणी करायला कुणी उरलं नाही की ऐकण्याची घाईही उरत नाही. पण ह्यावरून नानांची पद्धत बरोबर होती असा निष्कर्ष निघत नाही.

मी कॉलेजात असताना एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत प्रताप मामा आला. आईचा धाकटा भाऊ, ईट गावचा. पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता. येताना एका हातात ओल्या फडक्यात बांधलेला खवा आणि दुसऱ्या हातात गोधडीत गुंडाळलेला जुना संगणक घेऊन तो एसटीतून उतरला. वाटेत कंडक्टरनं संगणकाचं अर्धं तिकीट मागितलं होतं, मांडीवर घेतल्यावर माफ केलं, असं त्यानं आल्या आल्या सांगितलं. संगणक माझ्या अभ्यासासाठी होता. पण रात्री जेवताना त्याची नजर कपाटाकडं गेली आणि तो म्हणाला की ह्या सीड्या काही अमरपट्टा घेऊन आलेल्या नाहीत. दहा वर्षांनी हा प्लेयर दुरुस्त करणारा माणूसही भेटणार नाही. सगळं संगणकात उतरवून घ्यावं, म्हणजे बोट दाबलं की गाणं. नानांनी येसर आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता उत्तर दिलं की संगणकातलं गाणं म्हणजे उसाचा चोथा असतो, रस निघून गेलेला. मामा म्हणाला, ते आवळून लहान केलेलं गाणं. तो म्हणतो ती पद्धत वेगळी. तिच्यात सीडीवरचा एक कणही गळत नाही. जसंच्या तसं. शंभर टक्के.

शंभर टक्के हा शब्द नानांना लागला. खात्यात त्यांनी तो फार ऐकला होता, पाहिला कधी नव्हता. हात धुवून येईपर्यंत ते ह्या कल्पनेचे जनक झाले होते. अट एकच, असं त्यांनी आम्हाला बजावलं: जे शंभर टक्के शुद्ध उतरेल तेच संगणकात ठेवायचं. एका जरी गाण्यात कणभर खोट निघाली तर ती आख्खी सीडी बाद. आपल्या घरात अर्धवट काही राहणार नाही.

आईनं ताटं उचलता उचलता भावाला विचारलं, “मग माझी बी उतरील का त्यात?”

“उतरल की. आन् मग अक्का, तुला कुनाला इचारायचं कामच न्हाई. तुझं तू लावायचं, तुझं तू ऐकायचं.”

नाना म्हणाले, आधी चांगल्या सीड्या, मग जागा उरली तर बघू. मामा सांगू लागला की जागा पुष्कळ आहे. नानांनी त्याला पान खाणार का विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नानांनी उमरग्याला गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणजे तिथल्या शाळेतून निवृत्त झालेले संगीताचे मास्तर. साऱ्या भागात कान आहे तो एकट्या गुरुजींना आणि दुसरा आपल्याला, असं नाना मानत. ह्यांतलं पहिलं गुरुजींना मान्य होतं. दुसऱ्याबद्दल ते काही बोललेले नव्हते, आणि ते एकदा बोलावेत एवढ्यासाठी नाना वर्षानुवर्षं त्यांच्या सत्यनारायणाला नारळ पाठवत. आता नानांनी त्यांना रविवारचं आमंत्रण दिलं. जिल्ह्यात कुणी केलं नसेल असं काम आमच्याकडं चाललंय, शुद्ध प्रत, येऊन ऐका. सीडी अजून एकही उतरली नव्हती.

उतरवण्याचा प्रोग्रॅम मामानं पुण्याहून आणलेला होता आणि तो स्वभावानं खात्यातल्या ऑडिटरसारखा होता. सीडीचा प्रत्येक तुकडा दोनदा वाची, दोन्ही वाचनं जुळली तर पुढं जाई, नाही जुळली तर परत परत वाची आणि शेवटी हार मानून गाण्यापुढं लाल फुली टाकी. जुळलं तर हिरवी खूण. नानांनी कपाट उघडलं, पहिली सीडी दोन बोटांनी कडेला धरून आणली आणि स्वतः संगणकाच्या खणात ठेवली. संगणक हाताळायला मी होते, कारण कॉलेजात मी त्याचा कोर्स केला होता आणि नानांनी माऊस धरला की तो टेबलावरून खाली जाई. पहिलं गाणं हिरवं आलं. नानांनी मान डोलावली. दुसरं लाल. तिसरं लाल. शेवटचं पुन्हा हिरवं. दुसरी सीडी तशीच. तिसरी तशीच. दोन्ही कडा हिरव्या आणि पोटात लाल.

पुढचे दिवस आमच्या घरात चौकशी समिती बसल्यासारखे गेले. नानांनी प्रथम पुण्याच्या संगणकावर संशय घेतला. मामानं उमरग्याहून नवा ड्राइव्ह आणून बसवला. नव्यानं त्याच जागी फुल्या टाकल्या. मग मामानं जळकोटच्या विजेवर संशय घेतला. भारनियमनाचे दिवस होते, वीज येई तीही थकून आल्यासारखी, म्हणून इन्व्हर्टर लावला. फुल्या कायम. मग दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं: ट्रक. रस्त्यावरून लोड गाडी गेली की टेबल थरथरतं, आत सीडी हलते. संगणकाखाली गोधडीच्या चार घड्या घालण्यात आल्या. नाना खिडकीशी उभं राहून ट्रकांकडं असे पाहू लागले की जणू खड्डे बुजवल्याचा त्यांना पस्तावा होत होता. घरात टाचा आपटून चालायला बंदी झाली. आईला उखळात शेंगदाण्याची चटणी कुटायला मनाई झाली, कारण उखळ त्याच भिंतीला होतं. दोन जेवणं चटणीवाचून झाल्यावर मामा म्हणाला, “दाजी, गाणं राहू द्या, पर चटणी चालू करा.” चटणी चालू झाली. फुल्या होत्या तेवढ्याच राहिल्या, वाढल्या नाहीत, ही गोष्ट फक्त आईनं मोठ्यानं बोलून दाखवली आणि ती कुणी विचारात घेतली नाही.

शनिवारी दुपारी मामानं, बहुधा कंटाळूनच, एक सीडी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. मग दुसरी. मग त्यानं मला कपाटातून आणखी काढायला सांगितल्या आणि नाना नको नको म्हणेपर्यंत टेबलभर उलट्या मांडल्या. प्रत्येकीच्या चकाकत्या बाजूला, बरोबर मधल्या पट्ट्यात, बारीक केसांसारख्या ओरखड्यांचं एक कडं होतं. गोल, सलग. जुन्या सीड्यांवर दाट, नव्या सीड्यांवर विरळ. आणि त्या कड्याला किंचित पिवळी झाक होती.

“दाजी, ह्ये कडं कसलं हाय?”

नानांनी चष्मा पुसून पाहिलं आणि ती कंपनीची रचना असेल असं सांगितलं.

“पिवळी रचना?”

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “हळद हाय ती. खंडेनवमीची.”

खंडेनवमीला आमच्याकडं घरोघर हत्यारांची पूजा होते. कोयता, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, ज्याच्याकडं ट्रॅक्टर आहे त्याचा ट्रॅक्टर. धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. आमची शेती वाट्यानं दिलेली, अवजारं वाटेकऱ्याकडं. घरात पूजेला मांडण्याजोगं एका इळतीखेरीज, म्हणजे भाजी चिरायच्या विळीखेरीज, काही नव्हतं आणि शेजारी ट्रॅक्टरला हार घालत असताना पाटावर एकटी इळती मांडणं नानांना कमीपणाचं वाटे. म्हणून एका वर्षी त्यांनी ठरवलं की माणूस ज्याच्यावर जगतो तेच त्याचं हत्यार, आणि ते स्वतः संगीतावर जगतात. पगार खात्याचा होता, पण तो मुद्दा कुणी काढला नाही. तेव्हापासून दर खंडेनवमीला कपाट उघडे, सगळ्या सीड्या डब्यांतून निघून चादरीवर ओळीनं मांडल्या जात आणि पूजा घरच्या लक्ष्मीनं करायची म्हणून त्या एका दिवशी आईला त्यांना हात लावण्याची परवानगी मिळे. ती प्रत्येकीला हळदकुंकवाचं ओलं बोट लावी. दसरा झाला की नाना एकेक सीडी लावताना वाळलेलं हळदकुंकू आपल्या जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसून काढत. तांब्या घासावा तसं, गोल गोल, जोर लावून, चकचकीत होईपर्यंत. हे सगळं मी अनेक वर्षं पाहत आले होते. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं.

नाना एकदम उभे राहिले. “म्हणजे ह्या घरातच माती खाल्ली कुणीतरी,” ते म्हणाले. “सोन्यासारख्या सीड्या. बोटं भरून हळद थापायची, तीही गाण्याच्या बाजूला. मी दर वर्षी पुसत होतो म्हणून इतकी वर्षं निभावलं. अडाणीपणाला औषध नाही.”

आई पिठाचे हात घेऊन दारात आली होती. भावाच्या देखत हे ऐकावं लागलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. पण आवाज तिनं चढवला नाही.

“दुसऱ्या बाजूला फोटू हायेत,” ती म्हणाली. “परक्या मानसाच्या कपाळाला म्या कुंकू लावू व्हय? त्यातलं कोन जित्तं, कोन गेलेलं, म्हाईत न्हाई. म्हून कोऱ्या बाजूला लावलं. तितं आपलंच तोंड दिसतंय.”

ह्यावर मामा हसला आणि त्यानं परिस्थिती आणखी बिघडवली. नाना म्हणाले, उद्या गुरुजी येतील तेव्हा त्यांना हेच सांगावं लागेल. काम होत आलं होतं, पण घरच्या माणसानं घात केला. लपवून काय करायचं? गुरुजी विचारणारच. आई आत वळली. तिला गुरुजींच्या कानाशी कर्तव्य नव्हतं. पण तिच्या हातची भाकरी खायला येणाऱ्या माणसाला ती घरबुडवी म्हणून दाखवली जाणार होती, आणि तेही नानांनीच सांगितलेल्या पूजेसाठी. शिवाय अडाणी ठरलेल्या बाईच्या थाळीला आता संगणकात कोण घेणार?  

मामाचं हसू मात्र थांबलं होतं. तो कड्याकडं परत बघत होता. त्यानं विचारलं, “अक्का, तुझ्या सीडीलाबी लावत हुतीस का हळद?”

“सगळ्यांत आधी तिलाच.”

“आन् दाजी ती पुसत हुते?”

“ती कुटं लावत हुते, पुसायला?”

मी तळच्या कप्प्यातून, वायरींच्या गुंडाळ्याशेजारून, ती थाळी काढून आणली. डबी उघडली तेव्हा हळदीचा वास आला. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू एकावर एक चढून मधोमध लाल-पिवळा पोपडा धरला होता. नाना म्हणाले, ही तर मेलीच. मामानं ती मोरीवर नेली, साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवली, बोटानं अलगद पोपडा सोडवला आणि आईच्या धुतलेल्या सुती पातळाच्या तुकड्यानं पुसली. गोल नव्हे, मधल्या भोकापासून सरळ बाहेरच्या कडेकडं, पुन्हा मधून बाहेर. मग ती खणात गेली. ऑडिटर वाचू लागला. रस्त्यानं ट्रक जात होते, टेबल हलत होतं, आई मुद्दाम असेल किंवा नसेल, शेजारच्या खोलीत चटणी कुटत होती. पहिलं गाणं हिरवं. दुसरं हिरवं. मधली सगळी हिरवी. शेवटपर्यंत हिरवी.

नाना म्हणाले, परत लाव. परत लावली. परत हिरवी.

मग मामानं समजावून सांगितलं, आणि त्याला हे समजावण्यात जो आनंद होत होता तो त्यानं नीट लपवला नाही. हळदीनं काही होत नाही, ती धुऊन जाते. ओरखडे पडले ते वाळलेली हळद कापडाखाली घासल्यामुळं. सीडीवर गाणं गोल रेषेत लिहिलेलं असतं. आडवा ओरखडा गेला तर ते सावरतं, पण रेषेच्याच वाटेनं ओरखडा ओढला तर आख्खी ओळ पुसली जाते. आणि दर वर्षी त्याच वाटेनं.

“पण मला तर कधी काही खोट ऐकू आली नाही,” नाना म्हणाले. ह्या वाक्याचं पुढं काय होणार हे त्यांच्या लक्षात यायच्या आधी ते बोलून गेले होते.

“येनार कशी? प्लेयर दयाळू असतोय. जितं वाचता येत न्हाई तितं मागचं-पुढचं बघून अंदाजानं भरतोय. संगणक तसलं करत न्हाई, म्हून फुली टाकली.”

“म्हणजे मी ऐकत होतो ते?”

“बरंचसं बुवांचं,” मामा म्हणाला. “थोडं प्लेयरचं.”

पुढं मी वर्तमानपत्रात लागले. डेस्कवर बसून मजकूर तपासताना, बातमीदारानं जिथं प्रत्यक्ष काही पाहिलेलं नसतं ती जागा तो मागचं-पुढचं बघून किती सफाईनं भरतो हे रोज पाहिलं. वाचकाला खोट कळत नाही. बहुतेकदा त्याच जागेचं कौतुक करणारी पत्रं येतात. नानांचंही तसंच झालं होतं. त्या बुवांच्या तोडीत मध्यावर एक जागा होती, तिथं ते दर वेळी डोळे मिटून एक बोट वर करत आणि आम्हाला म्हणत, हा श्वास ऐका, हा सीडीशिवाय मिळत नाही. ती जागा कड्याच्या ऐन मध्यावर येत होती.

संध्याकाळी मामानं उपाय सुचवला. प्रोग्रॅमला ढिल्या पद्धतीनं वाचायला सांगायचं, मग तोही प्लेयरसारखाच अंदाजानं भरेल आणि फुल्या येणार नाहीत. गुरुजींना कळणार नाही. शुद्धतेच्या अटीचा कुणी उल्लेख केला नाही. छताकडं बघत नाना म्हणाले की तोडी करून बघायला हरकत नाही. तोडी झाली. पंखा बंद झाला, खिडक्या लागल्या, नाना खुणांवरच्या खुर्चीत बसले. गाणं पूर्वी होतं तसंच होतं. मला तरी काही फरक कळला नाही, मामालाही नाही. पण ती जागा जवळ येऊ लागली तसे नानांनी डोळे उघडले. बोट वर गेलं नाही. जागा गेली आणि ते म्हणाले, बंद कर. मग म्हणाले, गुरुजींचा कान फार तिखट आहे.

रविवारी गुरुजी सकाळच्या गाडीनं आले. उंच, कृश, पांढरी टोपी, गुडघे दुखत असल्यामुळं सावकाश बसणारे. त्यांना नानांची खुर्ची देण्यात आली. नाना स्वतः भिंतीला टेकून आमच्यात, म्हणजे नुसता आवाज असलेल्या भागात बसले. त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या माणसाचा होता. संगणकात त्यांच्याच अटीप्रमाणं पूर्ण शुद्ध म्हणून ठेवता येईल अशी एकच सीडी होती. नानांनी आदल्या रात्रीपासून कुणाशी ह्याची चर्चा केली नव्हती. त्यांनी घसा साफ केला.

“गुरुजी,” ते म्हणाले, “आपण एवढी रागदारी करतो, पण तिचं मूळ कुठं? मातीत. म्हणून म्हटलं, आपल्यापुढं सुरुवात मुळापासून करावी.” आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

मी लावलं. झांज वाजली. स्पीकरचे पडदे फाटले नाहीत. चार-पाच बायकांचे आवाज, मोठे, राकट, एकमेकींच्या पुढं-मागं होणारे, त्या बंद खोलीत भरले. गुरुजींनी डोळे मिटले. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. दुसऱ्या कडव्याला दारात आई दिसली. तिच्या हातात चहाचं ताट आणि त्यात खव्याच्या पेढ्यांची बशी होती आणि ती ताट घेऊन तशीच उभी होती. तिचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. बायकांच्या आधी अर्ध्या शब्दानं. म्हणजे दुकानदारानं खरं सांगितलं होतं.

गाणं संपलं तेव्हा गुरुजींनी डोळे उघडले. मग म्हणाले की असा आवाज त्यांनी लहानपणी प्रत्यक्ष ऐकलेला आहे, त्यानंतर आजच. झांजेची कड सुद्धा मोडलेली नाही. एवढ्या जुन्या सीडीवर हे टिकलं कसं?

“त्याचं असं आहे, गुरुजी,” नाना म्हणाले. त्यांचा आवाज परत जागेवर आला होता. “ही सीडी मी पहिल्यापासून वेगळी ठेवली. बाकीच्यांत मिसळू दिली नाही. लोक काय, दिसली सीडी की लाव, दिसली की लाव. मी तसं केलं नाही.”

मामानं तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघितलं. खिडकी लावलेली होती.

आई ताट घेऊन आत आली. गुरुजींपुढं चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, “खरं हाय, गुरुजी. ह्यांनी कदी हातच लावला न्हाय तिला.”

गुरुजींनी कप उचलला, नानांकडं वळून पाहिलं आणि त्यांच्या आवाजात खराखुरा आदर होता. “अशी जपणूक करणारी माणसं आता कुठं राहिलीत,” ते म्हणाले. “कान आहे तुम्हाला.”

नानांनी हात जोडले. ज्या वाक्यासाठी त्यांनी इतके नारळ पाठवले होते ते त्यांना मिळालं होतं, आणि त्यांनी ते मान खाली घालून घेतलं. मान खाली घातल्यामुळं त्यांना आईकडं बघावं लागलं नाही. गुरुजी आता काही विचारतील, म्हणून नाना तयार होत होते. दोन गाण्यांमध्ये शांतता किती असावी ह्याविषयी त्यांना बहुधा काही सांगायचं होतं. आईनं रिकामं ताट भिंतीशी उभं केलं, पदरानं हात पुसले आणि त्या खोलीत, जिथं ती झाडायला आणि चहा द्यायलाच येत असे, तिथं फरशीवर मांडी घालून बसली.

“वर्षे,” ती मला म्हणाली, “पुढलं लाव.”

नानांना तिनं विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही.